वसंतातल्या पक्षीफेऱ्या: यादी वाढवायची की झाड वाचायचं?

माळभिंगरी

मंडळी, वसंतातल्या स्थलांतराच्या दिवसांत छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांसाठी गटफेऱ्या निघतात, त्यांच्याबद्दल हा धागा. मी अशा फेऱ्यांवर लोकांना घेऊन जाते. विचारणा सतत होत असते, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. अनुभव असेल त्यांनी भर घाला, पटत नसेल त्यांनी खुशाल भांडा.

स्थलांतर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आभाळातून जाणारी रांग येते. क्रौंच-बदकांच्या बाबतीत ते ठीक आहे. पण वटवटे, माशीमार, थिरथिरे, कस्तुर ही मंडळी बहुतांशी रात्रीची उडतात. रात्री हवा थंड आणि त्यातल्या त्यात शांत असते, ससाण्यांचा धोका कमी, दिशा धरायला तारे, आणि दिवस चरायला मोकळा. म्हणजे सकाळी आपण बघतो तो प्रवास नसतोच, मुक्काम असतो. रात्रभर पंख मारून आलेला आठ-दहा ग्रॅमचा जीव उजाडताना खाली उतरतो आणि समोर जी झाडी मिळेल तिथे खायला लागतो. म्हणून फेरीवर मी आधी विचारते, "हा इथेच का उतरला असेल?" नाव नंतर.

वसंतच का, हाही नेहमीचा प्रश्न. या दिवसांत नर पूर्ण रंगात असतात, गात असतात आणि घाईत असतात. चांगली जागा आधी पोचणाऱ्याला मिळते, त्यामुळे नर पुढे आणि माद्या काही दिवसांनी मागून. शरदातला परतीचा प्रवास त्यामानाने रमतगमत होतो, आणि पिसारा असा मळकट की ओळख पटवता पटवता जीव जातो. युरोप-उत्तर अमेरिकेत हा हंगाम एप्रिल-मेमध्ये भरात येतो, तेव्हा पक्षी तिथे पोचत असतात. भारतात मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडचे हिवाळी पाहुणे निघायच्या तयारीत असतात: काळ्या डोक्याच्या भारीटाचं डोकं खरोखर काळं होत आलेलं, पिवळे धोबी उजळलेले, आणि पळसमैना सावर-पांगाऱ्याच्या फुलांवर तुटून पडलेल्या. प्रवासाची ही दोन टोकं. निघण्याआधी काही जातींचं वजन चरबीमुळे जवळपास दुप्पट होतं.

आता माझा मुद्दा. १९५८ साली अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकआर्थर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात वटवट्यांच्या पाच जाती एकाच झाडावर कशा राहतात, हे त्यांनी झाडाचे भाग पाडून आणि कोण कुठे किती वेळ घालवतो ते मोजून दाखवलं. कुणी शेंड्याच्या बाहेरच्या डहाळ्यांवर, कुणी मधल्या भागात, कुणी आत खोडाकडे, कुणी जमिनीलगत. वाडा एक, बिऱ्हाडं पाच. हे एकदा डोक्यात बसलं की झाडाकडे बघायची नजर बदलते. म्हणून मी लोकांना भराभर चालवत नाही. काठ निवडते, म्हणजे झाडी आणि मोकळं रान भेटतं ती जागा, जवळ पाणी असेल तर उत्तम. सूर्य पाठीशी घ्यायचा आणि वीसेक मिनिटं हलायचं नाही.

त्या वीस मिनिटांत काय दिसतं याचा एक नमुना. कोवळ्या पालवीत एक पर्णवटवट्या. पान गुंडाळलेलं दिसलं की तो डहाळीच्या टोकाला उलटा लटकतो, चोच त्या सुरळीत घालतो, चोच उघडून सुरळी आतून फाकवतो आणि हिरवी अळी बाहेर ओढतो. मग ती फांदीवर दोन-तीनदा आपटून गट्ट, चोच दोन्ही बाजूंनी सालीवर पुसायची, की पुढचं पान. साध्या, निवडुंगी हिरव्या रंगाचा पक्षी. यादीत त्याची एक ओळ होते आणि बहुतेक गट त्याला ओलांडून पुढे जातात.

नवशिकी

ताई, फारच छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. मी अजून एकदाही गेलेले नाही. दुर्बीण नाही, नावं येत नाहीत, पहाटे उठायचं म्हणजे दिव्य. अशा माणसाने यावं का? आणि कपडे वगैरे काय?

दुर्बीणवाला

@नवशिकी, जरूर जा. दुर्बिणीचं मी सांगतो, तो माझा प्रांत.

८×४२ असं लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतं. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हा आकडा कामाला येतो. लोकांना वाटतं १२ पट घेतली की जास्त दिसेल. हात थरथरतो तोही १२ पट दिसतो, आणि दिसणारा तुकडा लहान होतो. वटवट्या एका जागी दोन सेकंद टिकत नाही, त्याच्यासाठी ८ पट पुष्कळ.

वापरायची पद्धत: पक्ष्यावरची नजर काढायची नाही, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नव्वद टक्के लोक आधी खाली दुर्बिणीकडे बघतात, मग वर शोधत बसतात. घरी खिडकीतून एखाद्या पानावर सराव करा. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा आत ढकलून ठेवा.

कपडे मातकट, खसखस न वाजणारे. नायलॉनचं जाकीट पक्ष्यांच्या आधी आपल्यालाच बहिरं करतं. आणि हो, शेंड्याकडे बघून बघून मान धरते. सवयीने सुटेल या आशेवर मी अजून आहे.

खडूस_काका

लेख चांगला आहे, पण थोडं विरजण घालतो. पहाटे चारला उठून माणूस येतो तो पक्षी बघायला. आणि वाटाड्या वीस मिनिटं एका झाडासमोर उभं करून अळ्यांवर व्याख्यान देतो. पलीकडच्या वाटेवर दुसऱ्या गटाला निळ्या गळ्याचा शंकर, लाल छातीचा माशीमार, हळद्या सगळं मिळून गेलेलं असतं.

यादीवाल्यांना नावं ठेवायची फॅशन झाली आहे. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या संकेतस्थळावर आता जगभरातले लोक आपापल्या पक्षी-याद्या टाकतात. कोणती जात कुठल्या आठवड्यात कुठे असते याचे नकाशे त्यातूनच बनले. मॅकआर्थर एक होते, 'टिक' मारणारे लाखो आहेत. तुमचं 'झाड वाचणं' कुठल्या नकाशात दिसतं?

माळभिंगरी

काका, मुद्दा रास्त. यादी मीही ठेवते. पण चांगल्या यादीत किती वेळ थांबलो, किती अंतर चाललो आणि दिसलेल्या सगळ्या जाती नोंदल्या की फक्त आवडीच्या, हेही लागतं. पळत पळत 'भारी' पक्षी तेवढे टिपलेली यादी नकाशालाही फारशी उपयोगी नसते. साध्या पर्णवटवट्याला गाळणारी तर नाहीच.

व्याख्यानाचा आरोप मान्य नाही. मी कुजबुजते. :)

खडूस_काका

कुजबुजलेलं व्याख्यान. बरं.

कानसेन

मला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, उजेड-अंधार आणि ढोबळ आकार तेवढे कळतात. तरी वसंतातली फेरी मी चुकवत नाही. ज्या गटात मी जातो तिथे पहिली दहा मिनिटं कुणीच बोलत नाही, हा नियम. तेवढ्यात मला किमान तीन थर सांगता येतात: वर शेंड्यात कोण, मधल्या झुडपात कोण, खाली पाचोळ्यात कोण. पाचोळ्यात कस्तुर असला तर पानं उलटण्याचा आवाज येतो, दोन-तीन उड्या, शांतता, पुन्हा खरडणं. उंदराचा आवाज सलग असतो.

नवीन लोकांनी गाण्यांच्या मागे लागू नये. गाणं लांब असतं, त्यात नर नकला-बिकला करतात, गोंधळ होतो. आधी साद शिका: 'टक', 'चिप', 'ट्सी' असले एकाक्षरी आवाज. बोरू वटवट्या झुडपात लपून 'चक, चक' करतो. दिसायची खात्री नाही, पण ऐकू आला तर आहेच.

मर्लिनसारखी, आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप मदत करतात, पण ॲपने नाव दाखवलं म्हणजे पक्षी होता असं नाही. नकल्या पक्ष्याने दुसऱ्याचा आवाज काढला की ॲपही फसतं. ॲपने नाव सुचवलं की तो आवाज कुठल्या दिशेने, कुठल्या उंचीवरून येतोय ते आधी कानाने पकडा, मग शोधा.

नवशिकी

कानसेन दादा, हे तर फार वेगळं कळलं. आता दुर्बिणीशिवायही यायला हरकत नाही असं वाटतंय.

झाडवेडी

माळभिंगरीताईंना जोरदार +१. मी वनस्पतींच्या बाजूने या नादात आले, त्यामुळे थोडं लांबण लावते.

अधिवास म्हटलं की लोक मोठमोठी झाडं बघतात. स्थलांतरी छोट्या पक्ष्यांची खरी सोय अनेकदा कमरेइतक्या उंचीवर असते: काटेरी झुडपं, वेली, गवताच्या कडा, पडलेलं खोड, बोरूची बेटं. उद्यानं 'स्वच्छ' करायची म्हणून हेच पहिलं काढलं जातं. खाली झाडलेली माती, वर छत्रीसारखी झाडं, मधे काहीच नाही. कस्तुराला पाचोळा नाही, शंकराला ओलसर झुडूप नाही. फेरीवर दोन जागा पाठोपाठ दाखवाव्यात, एक अशी झाडून-पुसून ठेवलेली आणि एक 'गबाळी'. काही सांगावं लागत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. पालवी फुटते, अळ्या येतात, पिल्लं होतात, हे गणित जुळावं लागतं. युरोपातला पाइड फ्लायकॅचर नावाचा काळा-पांढरा माशीमार हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. तिथून निघायचा त्याचा ठोका मुख्यतः दिवसाच्या लांबीवर बसलेला, आणि दिवसाची लांबी तर हवामानबदलाने हलत नाही. इकडे वसंत उबदार झाल्याने अळ्या लवकर येऊन संपायला लागल्या. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की जिथे अळ्यांचा बहर सगळ्यात आधी येतो, त्या जंगलांत हे माशीमार सुमारे ९० टक्क्यांनी घटले होते. जंगल जागेवर होतं, झाडं उभी होती. पक्षी जेवायला उशिरा पोचत होते, इतकंच.

म्हणून फेरीच्या नोंदीत मी पालवीची अवस्थाही लिहिते: कळी, कोवळं, अर्धं, पूर्ण. काका, हेही नकाशात येऊ शकतं.

खडूस_काका

हे आवडलं. पालवीची नोंद मीही सुरू करतो. (झाडवेडीताईंनी सांगितलं म्हणून, माळभिंगरीने नव्हे.)

शंकेखोर

एक शंका. वर "बहुतांशी रात्री उडतात" म्हटलंय. धागाकर्तीचं नाव माळभिंगरी. तो पक्षी तर दिवसा उडतो ना?

माळभिंगरी

पकडलंत! माळभिंगरी, धोबी, तीरचिमण्या, पळसमैना हे दिवसाचे प्रवासी. माळभिंगरीचं बरं असतं, उडता उडता किडे खाते, वाटेत चरायला उतरायची सक्ती नाही. वटवट्याला पान उलटल्याशिवाय जेवण नाही, म्हणून तो रात्री उडतो आणि दिवसा उतरतो. कोण काय आणि कसं खातं, त्यावर प्रवासाची वेळ पुष्कळदा ठरते.

पाणवठा

चातकाचं काय? तोही स्थलांतर करतो, पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो. त्याच्यासाठी फेरी का नाही?

शंकेखोर

तो कोकिळेच्या कुळातला. गाणाऱ्या पक्ष्यांच्या शास्त्रीय गटात बसत नाही, कितीही गोड ओरडला तरी. नवरंगही नाही बसत, तो जवळचा नातेवाईक आहे पण त्याच्या कंठाची रचना वेगळी. उलट कावळा शंभर टक्के गाणारा पक्षी.

पाणवठा

कावळा?! हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांना बरं वाटेल.

हवापाणी

मूळ विषयाकडे. कुठल्या सकाळी जायचं, हे कुणी लिहिलेलं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो.

वसंतात उत्तरेकडे जाणाऱ्या पक्ष्याला पाठचा वारा, म्हणजे दक्षिणेकडून येणारा, हवा असतो. अशा रात्री प्रचंड संख्येने पक्षी निघतात. पण हवा अशीच चांगली राहिली तर ते डोक्यावरून निघूनही जातात आणि सकाळी झाडी सुनी. निघताना वारा चांगला, आणि मध्यरात्रीनंतर पाऊस किंवा समोरचा वारा, असं जुळलं की मात्र जिथे असतील तिथे खाली बसतात.

याचं टोकाचं रूप मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर दिसतं. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाकडून संध्याकाळी निघालेले पक्षी रात्रभर समुद्रावरून उडत दुसऱ्या दिवशी किनारा गाठतात. एरवी बरेचसे किनारा ओलांडून आतल्या जंगलापर्यंत जातात. पण वाटेत उत्तरेचा वारा आणि पाऊस आडवा आला तर पहिल्या झाडावरच कोसळल्यासारखे उतरतात. टेक्ससमधलं हाय आयलंड त्यासाठीच प्रसिद्ध आहे: नाव बेटाचं, प्रत्यक्षात दलदलीतला थोडासा उंचवटा आणि त्यावर झाडी. असल्या दिवशी गवतात, कुंपणावर, पायांजवळ रंगीत पक्षी. बघणाऱ्याला पर्वणी. पक्ष्यासाठी तो जिवावरचा प्रसंग असतो, आणि चांगला वाटाड्या त्या दिवशी गटाला नेहमीपेक्षा लांब उभं करतो.

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवराचे दोन काठही बघण्यासारखे. दक्षिण काठावर ओहायोतलं मॅगी मार्श: तिथे पक्षी पाणी ओलांडण्याआधी थबकून खातात. उत्तरेला कॅनडातलं पॉइंट पेली, पाण्यात घुसलेली जमिनीची जीभ: तिथे ओलांडून आलेले थकलेले उतरतात. सरोवर एकच, पक्षी तेच, वागणं वेगळं.

दुर्बीणवाला

किती लांबून येतात याचे आकडे वाचले की दुर्बीण खाली ठेवावीशी वाटते. अलास्कात वीण करणारा रणगोजा पूर्व आफ्रिकेत हिवाळा काढतो, एका बाजूने साधारण १४,५०० किलोमीटर. वजन पंचवीसेक ग्रॅम. पाठीवर बसवलेल्या चिमुकल्या नोंदयंत्रांवरून हे २०१२ साली सिद्ध झालं. उत्तर अमेरिकेतला ब्लॅकपोल वटवट्या शरदात अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता उडतो. वजन १२ ग्रॅमच्या आसपास.

फाटकी_पिशवी

सगळं गोडगोड चाललंय म्हणून एक तक्रार नोंदवते. मागच्या वसंतात एका मार्गदर्शकाबरोबर गेले होते, नाव घेत नाही. त्याने स्पीकर काढला, माशीमाराचं गाणं लावलं. नर लगेच समोर आला, फोटोवाले खूश. मग पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. तो पक्षी फांदीवरून फांदीवर, चोच उघडी, समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधतोय. इतका वेळ त्याने एकही किडा पकडला नाही. मी बोलले तर "सगळेच करतात" असं उत्तर.

खडूस_काका

यावर मात्र धागाकर्तीच्या बाजूने उभा आहे. दिवसभर खाऊन रात्री उडायचंय त्याला, त्याचा वेळ म्हणजे त्याचं इंधन. यादीसाठीसुद्धा नको. फेरीला नाव नोंदवण्याआधी विचारा: "स्पीकर वापरता का?" उत्तर "गरज पडली तर" आलं, तर दुसरा गट बघा.

कानसेन

शिवाय खरं गाणं ऐकायला आलेल्यांना रेकॉर्डिंग ऐकवणं म्हणजे काय!

झाडवेडी

वाटाड्याने पक्ष्यांसाठी फेरीबाहेर काय करता येतं तेही सांगावं, असं मला वाटतं. दोनच गोष्टी, काच आणि दिवे.

अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात असा २०१४ मधला अंदाज आहे. काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी त्या झाडाकडे उडतो. ससाण्याचं एकच चित्र चिकटवून काही होत नाही, त्याच्या बाजूने जातात. काचेच्या बाहेरच्या अंगाला सगळीकडे ठिपके किंवा रेघा हव्यात, मधलं अंतर पाचेक सेंटिमीटर.

दिव्यांचं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथे ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आभाळात प्रकाशझोत सोडतात, ऐन शरदाच्या स्थलांतरात. सात वर्षांतल्या त्या सात रात्रींत अंदाजे ११ लाख पक्षी त्या झोतांमुळे भरकटले, असं २०१७ चा अभ्यास सांगतो. झोत बंद केले की काही मिनिटांत पक्षी पांगून वाटेला लागत. आता पक्षी फार जमले की तिथे थोडा वेळ दिवे मालवतात. आपल्या गच्चीवरचा दिवा तर बटण दाबून जातो.

शंकेखोर

पण इतके गट, इतके पाय, तेही त्यांच्या मुक्कामावर. आपणच अडचण नाही का? उत्तर अमेरिकेत १९७० पासून जवळपास ३०० कोटी पक्षी कमी झाले, असं २०१९ मधल्या एका अभ्यासात आलं होतं. अशा वेळी घरी बसणं बरं नव्हे?

माळभिंगरी

अडचण होऊ शकतो, खोटं कशाला बोलू. म्हणून गट दहा-बाराचाच, वाट सोडायची नाही, पक्ष्याने चरणं थांबवून आपल्याकडे बघायला सुरुवात केली की दोन पावलं मागे. घरट्याजवळ थांबायचं नाही, फोटोसाठी फांदी बाजूला करायची नाही. जागा रोज तीच वापरायची नाही.

पण घरी बसायचं म्हणाल तर नाही पटत. झाडवेडीताईंचं ते गबाळं झुडूप साफ करायला माणसं आली की ओरडायला कुणीतरी लागतं, आणि ओरडतात ते बहुतेक तिथे कधीतरी सकाळी उभे राहिलेलेच असतात.

शंकेखोर

अर्धं पटलं. दोन पावलं मागेवालं पूर्ण पटलं.

नवशिकी

बरं, ठरलं, येणार. शेवटचं एकच विचारते. मला सुट्टी फक्त रविवारी. वाऱ्याचं बघून जायचं तर रविवारचा काय भरवसा?

हवापाणी

रविवारला वारा कळत नाही, हे खरं. पण ऐन हंगामात मधले तीन-चार आठवडे असे असतात की अगदी पडेल सकाळीही काठावरच्या झाडीत कुणी ना कुणी चरत असतं, कारण उतरलेला पक्षी बऱ्याचदा एकाच दिवसात निघत नाही. चरबी भरेपर्यंत राहतो. शनिवारी रात्री अंदाज बघा: मध्यरात्रीनंतर पाऊस दिसला तर गजर अर्धा तास आधीचा लावा, नाही दिसला तर नेहमीचा. आणि पहाटे पाऊस चालूच असेल तर फेरी रद्द समजून झोपू नका, उघडल्यावरचा पहिला तास सगळ्यात चांगला.

खडूस_काका

आणि घरच्यांना "नऊपर्यंत येते" असं सांगू नका.